आलोचना कुणापुढं करायची?

दसलक्षण पर्व संपलं की क्षमावणी येते. त्या दिवशी बस्तीत, नातेवाइकांच्या घरी आणि आता फोनवरसुद्धा ‘मिच्छा मे दुक्कडं’ म्हणायची आपली रीत आहे. माझं दुष्कृत मिथ्या होवो, त्याचं बळ संपो, एवढाच त्याचा अर्थ. रीत चांगलीच आहे. पण ती पाळताना एक गोष्ट लक्षात येते. आपण ज्यांची क्षमा मागतो ती बहुतेक आपल्या मायेतली माणसं असतात. ज्याच्याशी खरोखर बिनसलंय, त्याच्या उंबऱ्याला त्या दिवशीही आपला पाय लागत नाही. त्यातून त्या माणसानं आपलं कितीतरी अधिक वाईट केलेलं असेल, तर त्याच्यासंबंधातली आपली चूक बोलायला जीभच उचलत नाही. त्यानं आधी म्हणावं, त्याचं पाप मोठं आहे, असं आपण म्हणतो आणि ते खोटंही नसतं.

प्रश्न इथंच सुरू होतो. समोरच्याचं पाप डोंगराएवढं आणि आपली चूक त्या मानानं लहान असेल, तर ती लहान चूक उघड बोलावी का? बोललो तर समोरचा तिचं भांडवल करणार. नाही बोललो तर आपल्याच माणसांना आपण अंधारात ठेवणार. आणि बोलणारा एकटादुकटा नसून एका पोळलेल्या समाजाचा पुढारी असेल, तर त्यानं काय करावं?

या प्रश्नाचा विचार करताना मला होव्हान्नेस काजाझ्नुनी या आर्मेनियन पुढाऱ्याचं आयुष्य फार उपयोगी पडलं. आपल्याकडं हे नाव कुणाच्या कानावरून गेलेलं नसेल. १९१८ साली आर्मेनिया स्वतंत्र प्रजासत्ताक झाला, तेव्हाचे हे पहिले पंतप्रधान. पाच वर्षांनी, देश हातचा गेल्यावर, याच माणसानं आपल्या पक्षाच्या परिषदेपुढं एक निवेदन ठेवलं. त्यात आपल्याच पक्षाच्या चुका एकामागून एक मांडल्या आणि शेवटी पक्षानं आपलं काम संपवावं असं सुचवलं. त्या निवेदनाला आता शंभर वर्षं होऊन गेली, तरी त्यावरची भांडणं संपलेली नाहीत.

काजाझ्नुनी यांचा जन्म १८६८ सालचा, आज जॉर्जियात असलेल्या आखाल्त्सिखे गावचा. तो सगळा मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होता. शिक्षण तिफ्लिसला, मग सेंट पीटर्सबर्गला. १८९३ मध्ये ते स्थापत्याचं शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले आणि बाकू, बातुमी, तिफ्लिस अशा शहरांत त्यांनी इमारती बांधायचं काम केलं. बाकूमधलं आर्मेनियन लोकांचं मोठं चर्च त्यांच्याच आराखड्यावर उभं राहिलं. सोव्हिएट काळात ते पाडलं गेलं. म्हणजे मुळात हा माणूस मापं घेणारा, भार मोजणारा. तरुणपणीच ते दाश्नाकत्सुत्युन या आर्मेनियन क्रांतिकारी पक्षात आले. पक्षावर झार सरकारनं मोठा खटला भरला, तेव्हा त्यात साक्ष द्यायची वेळ येऊ नये म्हणून १९११ मध्ये त्यांनी कॉकेशस सोडला. इस्तंबूलला आणि मग तुर्की साम्राज्यातल्या व्हान शहरात राहून १९१४ मध्ये ते परत आले.

तेव्हा आर्मेनियन समाज दोन साम्राज्यांत वाटला गेला होता, अर्धा रशियाखाली आणि अर्धा उस्मानी तुर्कांखाली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ही दोन्ही साम्राज्यं एकमेकांवर चालून गेली. दोन जात्यांच्या मधले दाणे जसे, तशी या लोकांची गत झाली. २४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, पुढाऱ्यांना पकडण्यात आलं. त्यानंतर गावंच्या गावं रिकामी करून बायका, मुलं, म्हातारी माणसं सीरियाच्या वाळवंटाकडं हाकलली गेली. पुरुषांना बहुतेक ठिकाणी आधीच वेगळं काढून मारलं होतं. वाटेत उपासानं, तहानेनं आणि कत्तलींत किती माणसं गेली याचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत. या संहाराला जगातले बहुतेक इतिहासकार वंशसंहार म्हणतात. तुर्कस्तानचं सरकार आजही तो शब्द मान्य करत नाही.

काजाझ्नुनी यांच्या निवेदनाकडं वळण्याआधी हे नीट मनात ठेवायला हवं. त्यांच्या लोकांवर जे ओढवलं ते कुठल्याही चुकीची शिक्षा म्हणून पदरात घालता येण्यासारखं नव्हतं.

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, झारचं सैन्य आघाडी सोडून घरी निघालं आणि तुर्कांचं सैन्य पुढं सरकलं. १९१८ च्या वसंतात त्राब्झोन आणि बातुमी इथं तहाच्या वाटाघाटी झाल्या, त्यांत काजाझ्नुनी आर्मेनियन प्रतिनिधी म्हणून बसले होते. मे महिन्यात सारदारापातच्या लढाईत आर्मेनियन सैन्यानं आणि गावकऱ्यांनी तुर्कांना थोपवलं. २८ मेला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि ४ जूनला बातुमीच्या तहावर सह्या झाल्या. हाती आलेला देश केवढा, तर साधारण दहा-बारा हजार चौरस किलोमीटरचा. आमचा बेळगाव जिल्हाही त्याहून मोठा आहे. तेवढ्या खडकाळ तुकड्यावर लाखो निर्वासित येऊन पडलेले, रेल्वेची वाट शेजाऱ्यांच्या हातात, धान्य नाही, औषध नाही.

१९१८-१९ चा हिवाळा त्या देशाच्या आठवणीतला सगळ्यात काळा हिवाळा. उपासमार आणि टायफस यांनी सुमारे दोन लाख माणसं गेली. पाचातलं जवळपास एक माणूस. गृहमंत्री आराम मानुकियान यांनाही जानेवारी १९१९ मध्ये टायफसनंच नेलं. काजाझ्नुनी पंतप्रधान होते. १९१९ च्या उन्हाळ्यात ते पद सोडून मदत मागायला युरोप-अमेरिकेत गेले. पहिल्या पंतप्रधानानं धान्यासाठी, शस्त्रांसाठी, मान्यतेसाठी परदेशी दारं वाजवत हिंडावं, यावरून त्या राज्याची अवस्था समजते. धान्य थोडं मिळालं. आर्मेनियाची जबाबदारी घ्यायला मात्र अमेरिकेच्या सिनेटनं १ जून १९२० रोजी नकार दिला. १० ऑगस्टला सेव्ह्रच्या तहात आर्मेनियाला कागदावर पुष्कळ मुलूख मिळाला. सप्टेंबरात तुर्कांशी युद्ध जुंपलं, ३० ऑक्टोबरला कार्सचा किल्ला पडला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बोल्शेविक सत्तेवर आले. अडीच वर्षांचं स्वातंत्र्य संपलं. काजाझ्नुनी तुरुंगात गेले, फेब्रुवारी १९२१ च्या उठावात सुटले आणि देशाबाहेर पडले.

एप्रिल १९२३ मध्ये बुखारेस्टला पक्षाच्या परदेशातल्या शाखांची परिषद भरली. तिथं काजाझ्नुनी यांनी आपलं निवेदन ठेवलं आणि पुढं ते छापलं. त्याचं नावच ‘दाश्नाकत्सुत्युनला आता करण्यासारखं काही उरलं नाही’ अशा अर्थाचं आहे.

त्यात ते काय म्हणतात? १९१४ मध्ये पक्षाच्या एर्झुरूमच्या अधिवेशनात वेगळं ठरलं असताना आपण कॉकेशसमध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्या उभारण्यात भाग घेतला. रशिया आपल्याला स्वायत्तता देईल असं कुणीही वचन दिलं नव्हतं; आपली इच्छा आपण दुसऱ्याच्या तोंडी घातली आणि ती त्याचं वचन समजून बसलो. तसं घडलं नाही तेव्हा रशियानं दगा दिला म्हणून रडलो. आपल्या दुर्दैवाचं कारण सतत बाहेर शोधायची आपल्याला खोड लागली आहे. स्वतंत्र झाल्यावर संसद बसवली, पण १९१९ च्या निवडणुकीत ऐंशीपैकी बहात्तर जागा आपल्याच पक्षाच्या. त्यामुळं जे काही ठरायचं ते पक्षाच्या खोलीत ठरायचं आणि संसद नावापुरती राहिली. पॅरिसच्या परिषदेत एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतचा देश मागितला, तेव्हा आपल्या अंगात किती बळ आहे ते पाहिलं नाही. १९२० मध्ये तुर्कांशी बोलणी करायची संधी होती ती घेतली नाही, कारण आपण जिंकू अशी खात्री वाटत होती. आणि आपल्या हद्दीतल्या मुसलमान वस्तीच्या भागांत कारभार बसवता आला नाही, म्हणून सैन्य पाठवलं, गावं उद्ध्वस्त केली, माणसं मारली.

१९१५ चा संहार घडलाच नाही असं या निवेदनात कुठंही नाही. उलट तो ठरवून केलेला घाव होता, हे त्यात स्पष्ट आहे.

निवेदन ऐकून आणि वाचून त्यांचे सहकारी चवताळले. प्रजासत्ताकाचे शेवटचे पंतप्रधान सिमोन व्रात्स्यान यांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. बोल्शेविकांना हे हत्यार आयतंच मिळालं. १९२७ मध्ये तिफ्लिसला त्याचं रशियन भाषांतर निघालं. आणि पुढच्या काळात तुर्कस्तानातल्या ज्यांना १९१५ नाकारायचं होतं त्यांनी याच पुस्तकातली हवी तेवढी वाक्यं उचलली. बघा, त्यांचाच पहिला पंतप्रधान काय म्हणतो, असं म्हणत ती फिरवली गेली. बोलल्याचं भांडवल होतं, ही भीती इथं पुरेपूर खरी ठरली.

मग त्यांनी गप्प बसायला हवं होतं का?

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या कर्मविचारात सापडतं. कर्म ज्याचं त्याचं. एकाच्या खात्यातलं दुसऱ्याच्या खात्यात वळतं करता येत नाही. बापाचं पुण्य मुलाला पुरत नाही आणि शेजाऱ्याच्या पापानं आपलं पाप पुसलं जात नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते दोन्ही बाजूंनी लावून पाहत नाही. काजाझ्नुनी यांनी स्वयंसेवक तुकड्यांची चूक कबूल केली, म्हणून वाळवंटाकडं हाकललेल्या बाईला हाकलणाऱ्याचं पाप तिळभरही हलकं झालं नाही. त्या बाईनं तुकडी उभारली नव्हती. तिच्या कडेवरच्या पोरानं रशियावर विश्वास टाकला नव्हता. जो या कबुलीजबाबाला आपल्या पापाची पावती समजतो, तो चोरीच करतो. दुसऱ्याच्या आलोचनेची चोरी.

आणि तोच नियम उलट बाजूनंही आहे. समोरच्याचं पाप डोंगराएवढं आहे म्हणून आपल्या पुढाऱ्यांना हिशेब माफ होत नाही. उलट, ज्यांच्या भरवशावर माणसं मेली त्यांनी हिशेब अधिक काटेकोर द्यायला हवा. एखादी इमारत भूकंपात पडली तर भूकंपाला दोष देऊन स्थापत्यकार सुटत नाही. पाया कुठं कच्चा राहिला हे त्याला पाहावंच लागतं. काजाझ्नुनी यांनी पक्षाकडं तशा नजरेनं पाहिलं असावं. फक्त भूकंपाला मन नसतं आणि मारणाऱ्याला असतं, एवढा फरक विसरून चालणार नाही. पायाची तपासणी केली म्हणून खुन्याची चौकशी थांबत नाही. दोन्ही चौकशा व्हायला हव्यात आणि दोन्ही वेगवेगळ्या व्हायला हव्यात.

तेव्हा बोलावं, हे ठरलं. आता कसं बोलावं हा पुढचा आणि जास्त अवघड प्रश्न आहे.

शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ ग्रंथात आलोचनेचे दहा दोष सांगितलेत. चूक करण्याचे नव्हेत, चूक सांगण्याचे दोष. मला नेहमी वाटतं, माणसाच्या मनाची इतकी बारीक ओळख फार थोड्यांना असेल. गुरूला आधीच सेवेनं किंवा भेटीनं विरघळवून मग चूक सांगणं, म्हणजे प्रायश्चित्त हलकं मिळेल, हा ‘आकंपित’ दोष. दुसऱ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगणं, न पाहिलेलं दडवणं, हा ‘दृष्ट’. ठळक तेवढं सांगून बारीक सोडणं हा ‘बादर’ आणि बारीकसारीक सांगून मोठं लपवणं हा ‘सूक्ष्म’. गलक्यात सांगणं, म्हणजे ऐकूच जाणार नाही, हा ‘शब्दाकुलित’. आणि ज्याच्या अंगात तोच दोष आहे अशाच्या पुढं सांगणं, हा ‘तत्सेवी’.

ही फूटपट्टी घेऊन काजाझ्नुनी यांचं निवेदन पाहिलं तर काय दिसतं?

‘दृष्ट’ दोष त्यांना लागत नाही. पक्षाच्या बंद खोलीत काय ठरायचं आणि संसद कशी पोकळ होती, हे बाहेरच्या जगानं पाहिलं नव्हतं. ते त्यांनी आपण होऊन सांगितलं. ‘शब्दाकुलित’ही नाही, परिषदेपुढं ठेवलं आणि वर छापून काढलं. ‘आकंपित’चा संशय मात्र त्यांच्यावर घेतला गेला. निवेदनात त्यांनी म्हटलंय की आर्मेनियाला आता बोल्शेविकांची गरज आहे, आणि दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, ते खरोखरच सोव्हिएट आर्मेनियात परतले. म्हणजे नव्या मालकांना आधी विरघळवलं, असं विरोधक म्हणाले. मनातलं कुणी सांगावं? पण परतून त्यांनी कुठलं मोठं पद मिळवलं नाही. पुन्हा स्थापत्याचं काम केलं, शिकवलं. १९३७ मध्ये स्टालिनच्या धरपकडीत त्यांना अटक झाली आणि १९३८ मध्ये ते तुरुंगात वारले. विरघळवायला गेले असतील तर समोरचा दगड होता, एवढंच म्हणता येईल.

‘तत्सेवी’चं काय? निवेदन ठेवलं ते पक्षातल्या सहकाऱ्यांपुढं, म्हणजे त्याच निर्णयांत सामील असलेल्यांपुढं. ऐकणाऱ्यांनाही तोच दोष, त्यामुळं त्यांच्याकडून प्रायश्चित्त मिळण्याची आशा नव्हती, राग मात्र मिळाला. पण पुढाऱ्याची अडचण इथं खरी आहे. व्रतीला गुरू असतो, राजकारणातल्या माणसाला कोण असतो? लोक. आणि त्यांचे लोक तोवर निम्मे मेले होते, उरलेले देशोधडीला लागले होते.

निवेदनात सगळीकडं ‘आम्ही’ आहे. आलोचना तर ‘मी’नं करायची असते. ‘आम्ही’ म्हटलं की बोलणाऱ्याला गर्दीत दडता येतं, किंवा जे कबुली द्यायला तयार नाहीत त्यांनाही आपल्याबरोबर ओढता येतं. सहकारी चिडले त्यात हेही एक कारण असणार. त्यांना ती कबुली न वाटता आरोप वाटला. पण आपल्याकडं कर्माचे तीन दरवाजे सांगितलेत: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेली. पुढाऱ्याचं पाप बहुधा ‘कारित’ असतं, अनुयायांचं ‘अनुमोदना’. काजाझ्नुनी यांनी ‘आम्ही’ या शब्दाची अशी फोड केली असती, पंतप्रधान म्हणून मी हे करवलं, मंत्रिमंडळानं हे केलं, बाकीच्यांनी मान डोलावली, तर ती कबुली जास्त जड झाली असती आणि विरोधकांना ती नाकारणंही जड गेलं असतं.

सगळ्यात खोल रुतते ती दुसरीच गोष्ट. मुसलमान गावांवर सैन्य पाठवलं, गावं पाडली, माणसं मारली, हे निवेदनात येतं, पण ओझरतं. आणि येतं ते कारभार बसवता आला नाही याचा पुरावा म्हणून. शस्त्र वापरूनही यश आलं नाही, त्यामुळं सरकारची पत गेली, असा त्याचा रोख आहे. दुःख अपयशाचं आहे. त्या गावांतल्या मेलेल्यांसाठी वेगळं वाक्य नाही.

आपल्याकडं हिंसेचे चार प्रकार मानतात: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घर चालवताना होणारी, धंद्यात होणारी, अंगावर आलेल्याला अडवताना होणारी आणि ठरवून केलेली. श्रावकाला शेवटची पूर्ण वर्ज्य, बाकीच्यांत मर्यादा सांभाळायची. सारदारापातला शेतकऱ्यांनी हत्यार उचललं ती विरोधी हिंसा. तिथं थांबा म्हणायचं धाडस मी करणार नाही; मागं हटायला त्यांना जमीनच उरली नव्हती. पण त्याच सैन्यानं पुढं आपल्याच हद्दीतल्या, दुसऱ्या धर्माच्या गावावर चालून जायचं, तेव्हा विरोधी हिंसेची हद्द कुठं संपली आणि संकल्पी कुठं सुरू झाली? पोळलेल्या माणसाला ही रेघ दिसत नाही. त्याला प्रत्येक गाव शत्रूचं वाटतं आणि प्रत्येक वार बचावाचा. म्हणूनच ती रेघ पुढाऱ्यानं दाखवायची असते. काजाझ्नुनी यांनी डावपेचांच्या मोठ्या चुका ठळक सांगितल्या आणि हिंसेची ही गोष्ट बारीक अक्षरात ठेवली. राजकारणाच्या हिशेबात ती बारीक असेल. आपल्या हिशेबात तीच मोठी. फूटपट्टीवर हा ‘सूक्ष्म’ दोष ठरतो, आणि मला तो त्या निवेदनाचा खरा उणेपणा वाटतो. पक्षातल्या लोकांना त्यात गद्दारी दिसली, परक्यांना त्यात आपली सुटका दिसली. ज्यांची क्षमा मागायला हवी होती ते गावकरी मात्र दोघांच्याही नजरेत आले नाहीत.

सीमाभागातल्या माणसाला यात काहीतरी ओळखीचं वाटतं. आर्मेनियाच्या दुःखाशी आमच्या भाषेच्या वादाची तुलना करणं हा तिथल्या मेलेल्यांचा अपमान होईल, ती मी करत नाही. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून इकडं दोन याद्या चालत आल्यात. मराठी घरांत कानडी बाजूनं काय काय केलं त्याची यादी, कानडी घरांत मराठी बाजूनं काय केलं त्याची. आमच्या जैन कुटुंबांत तर सासर एका भाषेचं आणि माहेर दुसऱ्या भाषेचं, त्यामुळं सुनेला दोन्ही याद्या ऐकून पाठ होतात. आपल्या बाजूची यादी आपणच करायची पद्धत दोन्हीकडं नाही. केली तर पहिला प्रश्न येतो, तू कुणाच्या बाजूची? काजाझ्नुनी यांना हाच प्रश्न त्यांच्या माणसांनी विचारला होता. लहान भांडणात जी सवय आपण मोडू शकत नाही, ती मोठ्या संहारानंतर मोडायचा प्रयत्न त्यांनी केला, हे मला लहान वाटत नाही.

प्रायश्चित्तात ‘व्युत्सर्ग’ नावाचा एक प्रकार आहे, धरून ठेवलेलं सोडून देणं. पक्षानं आपलं अस्तित्व संपवावं हे त्यांचं सुचवणं त्याच जातीचं होतं. पक्षानं ते मानलं नाही. तो पक्ष आजही आहे. कदाचित मानायचं कारणही नव्हतं. त्यांचा सगळा निवाडा बरोबर होता असं मी म्हणत नाही. बोल्शेविकांबद्दलचा त्यांचा भरवसा तर त्यांच्याच जिवावर बेतला. जो दोष त्यांनी पक्षात दाखवला, आपली आशा दुसऱ्याच्या तोंडी घालण्याचा, तो त्यांच्यातून पुरता गेला नव्हता. पण निवाडा चुकला म्हणून तपासणी फुकट जात नाही.

मग आलोचना कुणापुढं करायची? व्रतीनं गुरूपुढं. पुढाऱ्यानं आपल्या लोकांपुढं, ‘आम्ही’ची फोड करून. आणि क्षमा मागायची ती ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडं, मग तो आपल्या मोठ्या शत्रूच्या धर्माचा किंवा भाषेचा का असेना. तो त्या शत्रूच्या पापाचा भागीदार नसतो, जशी वाळवंटातली ती बाई स्वयंसेवक तुकडीची भागीदार नव्हती. शत्रू आपली कबुली चोरील या भीतीनं ती अर्धी करायची नसते. अर्धी कबुली चोरायला जास्त सोपी. पूर्ण कबुलीत त्याच्या हातून मेलेले आणि आपल्या हातून मेलेले दोघेही असतात, आणि ती उचलायला गेलं की त्याला आपल्या हातून मेलेल्यांची नावंही उचलावी लागतात.